धरणीमातेचे उदकदान

बँकॉकला जाणारा भारतीय प्रवासी बहुधा प्रथम राजवाडा पाहतो, पाचूच्या बुद्धाचे मंदिर पाहतो आणि दुपारच्या उन्हात बाहेर पडतो. राजवाड्याच्या उत्तरेस ‘सनाम लुआंग’ नावाचे विस्तीर्ण राजमैदान आहे. राजघराण्यातील व्यक्तींचे अंत्यसंस्कार याच मैदानावर होतात. भोवती चिंचेची झाडे आहेत. त्यांच्या सावलीने चालत मैदानाच्या ईशान्य कोपऱ्यापर्यंत गेले म्हणजे जुन्या नगराचा खंदक लागतो. त्या खंदकावरील पुलाच्या पायथ्याशी एक लहानशी शुभ्र मंडपी उभी आहे. मंडपीत एका स्त्रीची मूर्ती आहे. तिने आपला लांबलचक केशसंभार दोन्ही हातांत धरला असून ती तो पिळीत आहे, आणि त्या केसांच्या टोकातून पाणी वाहावे अशी योजना केलेली आहे.

पाहणाऱ्यास प्रथम वाटते, की हे एक शोभेचे कारंजे असावे. स्नान करून आलेली कोणी सुंदरी शिल्पकाराने कल्पिली असावी. परंतु वास्तूचे नाव ऐकताच हा समज दूर होतो. थाई भाषेत या वास्तूस ‘उदकदान’ म्हणतात. उच्चार थाई वळणाचा, ‘उथोकथान’ असा. शब्द मात्र थेट संस्कृतातील. मूर्तीचे नाव ‘फ्रा मे थोरानी’. ‘फ्रा’ हे आदरवाचक पद, ‘मे’ म्हणजे आई, आणि ‘थोरानी’ म्हणजे धरणी. ही धरणीमाता आहे, आणि हे कारंजे म्हणजे वस्तुतः एक पाणपोई आहे.

धरणीमातेने केस का पिळावेत, याचे उत्तर बुद्धचरित्रातील एका प्रसंगात सापडते. सिद्धार्थ बोधिवृक्षाखाली आसनस्थ झाला असता मार आपले सैन्य घेऊन चालून आला. हे आसन माझे आहे, असा त्याचा दावा होता. त्याच्या बाजूने साक्ष द्यावयास त्याची सारी सेना सज्ज होती. सिद्धार्थ मात्र एकटा होता. त्याने या आसनाचा अधिकार जन्मोजन्मी केलेल्या दानाने मिळविला होता. पण त्या दानाचा साक्षीदार कोण? तेव्हा त्याने उजवा हात खाली नेऊन भूमीला स्पर्श केला. पाली कथेप्रमाणे, वेस्संतराच्या जन्मी केलेल्या महादानाची साक्ष त्याने पृथ्वीकडे मागितली आणि पृथ्वी गर्जून उठली. ‘ललितविस्तर’ या संस्कृत ग्रंथात पृथ्वीदेवता भूमीतून वर येऊन साक्ष देते.

सयाम, कंबोज, लाओस आणि ब्रह्मदेश या देशांत कथेने यापुढे एक पाऊल टाकले. तेथील परंपरेत धरणी नुसती शब्दांनी साक्ष देत नाही. सिद्धार्थाने प्रत्येक जन्मी दान देताना जे जे पाणी हातावरून सोडले, ते ते तिच्या केसांत मुरून राहिलेले आहे. ती वर येते आणि केस पिळते. त्यातून महापूर लोटतो आणि माराची सेना, हत्तीघोड्यांसह, वाहून जाते. दाव्याचा निकाल पुराव्यावर लागतो, आणि पुरावा म्हणजे ते साठलेले पाणी.

मराठी माणसास या कल्पनेचे मर्म समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. दान देताना उदक सोडण्याची रीत त्याच्या परिचयाची आहे. पाणी हातून सुटले की वस्तूवरील स्वामित्व संपले, असा त्या विधीचा अर्थ. म्हणूनच एखाद्या वस्तूची आशा कायमची सोडली, तर त्या वस्तूवर ‘पाणी सोडले’ असे मराठीत म्हणतात. भारहूतच्या स्तूपावरील एका प्रसिद्ध शिल्पात अनाथपिंडिक हा श्रेष्ठी जेतवनाचे दान करताना कोरलेला आहे, आणि त्याच्या हातात पाण्याची झारी आहे. विधी भारतातील, परंतु सोडलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न आग्नेय आशियातील कथाकारांनी विचारला, आणि उत्तरही त्यांनीच दिले: ते वाया जात नाही, भूमी ते जपून ठेवते.

अजिंठ्यास ज्यांनी माराचे आक्रमण पाहिले आहे, त्यांना हा फरक सहज ध्यानात येईल. पहिल्या लेण्यात ते रंगविलेले आहे, सव्विसाव्या लेण्यात दगडात कोरलेले आहे. चहूबाजूंचा कोलाहल आणि मध्ये भूमीला हात लावून शांत बसलेला सिद्धार्थ, हा तेथील विषय. केस पिळणारी धरणी तेथे नाही. थायलंडमधील कितीतरी विहारांच्या भिंतींवर मात्र हाच प्रसंग रंगविताना चित्राचा मध्यबिंदू तीच झालेली दिसते. आजही तेथे भिक्षूंना दान दिल्यावर गृहस्थ एका लहान पात्रातून दुसऱ्या पात्रात हळूहळू पाणी ओततो, मिळालेले पुण्य आपल्या मृत आप्तांना अर्पण करतो, आणि ते पाणी एखाद्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन ओततो. धरणीने त्याची नोंद ठेवावी, हा त्यामागील भाव.

ही झाली मूर्तीची कथा. ती या रस्त्याच्या कडेला कशी आली, ही कथा वेगळी आहे, आणि तिचा संबंध बँकॉकच्या तहानेशी आहे.

इ. स. 1782 मध्ये राजधानी झालेले हे शहर नदी आणि कालवे यांच्या जाळ्यावर वसले. पाणी चोहोकडे होते. पण पिण्याजोगे पाणी दुर्मिळ होते. पावसाळ्यात लोक मोठमोठ्या रांजणांत पागोळ्यांचे पाणी साठवीत. ते सरले की कालव्याचे पाणी पीत, आणि त्याच कालव्यांत साऱ्या वस्तीचा मळ जाई. उन्हाळ्यात चाओ फ्राया नदीचा प्रवाह क्षीण झाला म्हणजे भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी वर चढे. 1820 आणि 1849 या साली पटकीच्या साथींनी शहरात हाहाकार उडविला होता.

अखेर 1909 मध्ये राजा चुलालोंगकोर्न याने शहरास शुद्ध पाणी पुरविण्याची योजना हाती घेण्याची आज्ञा दिली. नदीचे पाणी खारेपणाच्या टप्प्याच्या वर, पथुम थानी प्रांतातील चिआंग राक येथे घ्यावयाचे, खास खोदलेल्या कालव्याने ते सामसेन येथे आणावयाचे, तेथे गाळून शुद्ध करावयाचे आणि नळांनी शहरात खेळवावयाचे, असा हा बेत होता. काम पुरे होण्यापूर्वी, 1910 मध्ये, राजा निवर्तला. त्याचा पुत्र राजा वजिरावुध याच्या हस्ते 14 नोव्हेंबर 1914 रोजी या जलव्यवस्थेचे उद्घाटन झाले. तिला नाव देताना एक जुना संस्कृत शब्द निवडला गेला: ‘प्रपा’. तेव्हापासून थाई भाषेत नळाच्या पाण्यास आणि ते पुरविणाऱ्या यंत्रणेस ‘प्रपा’ म्हणतात, आणि तो कालवा आजही ‘ख्लोंग प्रपा’ या नावाने ओळखला जातो.

प्रपा म्हणजे पाणपोई. नाशिकच्या पांडवलेण्यांत, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या एका शिलालेखात, हाच शब्द कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दमणा, तापी इत्यादी नद्यांवर नावांची सोय केली आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर ‘सभा’ आणि ‘प्रपा’, म्हणजे विसाव्याची ठिकाणे आणि पाणपोया, स्थापन केल्या, असे तो लेख सांगतो. वाटसरूच्या घोटभर पाण्यासाठी योजलेला शब्द विसाव्या शतकात एका राजधानीच्या साऱ्या नळयोजनेस लाभला. शहरास पाणी पुरविणे हा नुसता व्यवहार नव्हे, ते एक दानही आहे, ही जाणीव त्या निवडीत दिसते.

परंतु नळ घरोघरी पोहोचण्यास वेळ लागणार होता. ज्याच्या दारी नळ नाही आणि ज्याचा दिवस रस्त्यावरच जातो, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर राजमाता साओवभा हिने दिले. ही चुलालोंगकोर्नची राणी आणि वजिरावुधची माता. 1897 मध्ये राजा युरोपच्या दौऱ्यावर गेला असता हिनेच राज्यकारभार सांभाळला होता. 1893 मध्ये युद्धातील जखमींच्या सेवेसाठी जी संस्था निघाली आणि जिच्यातून पुढे थाई रेडक्रॉस उभा राहिला, तिचीही ती पहिली अध्यक्षा होती. आपल्या वाढदिवसाच्या निमित्ताने, खाजगीतील पैसा खर्चून, तिने ही पाणपोई बांधविली. संकल्पना रेखाटली ती राजपुत्र नरिस याने. बँकॉकचे प्रसिद्ध संगमरवरी मंदिर ही त्याचीच रचना. 1917 च्या डिसेंबरात ही वास्तू लोकांसाठी खुली झाली. सामसेनला शुद्ध झालेले पाणी नळाने मूर्तीपर्यंत आणले गेले आणि धरणीच्या केसांतून बाहेर पडू लागले. जुन्या कथेतील दानाचे पाणी आणि नव्या यंत्रशाळेतील गाळलेले पाणी येथे एकाच धारेत मिळाले. राजमाता यानंतर फार काळ जगली नाही. 1919 मध्ये तिचे निधन झाले.

पुढे या मूर्तीचा लौकिक शहरभर पसरला. 1946 मध्ये स्थापन झालेल्या डेमोक्रॅट पक्षाने केस पिळणारी धरणी हे आपले बोधचिन्ह केले, आणि बँकॉकच्या जलपुरवठा प्राधिकरणाच्या मुद्रेवरही तीच आहे. तिने कडू प्रसंगही पाहिले. 1976 च्या ऑक्टोबरात जवळच्या विद्यापीठात आणि याच मैदानावर विद्यार्थ्यांची हत्या झाली. 1992 च्या मे महिन्यात लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरलेल्यांवर याच राजमार्गावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि जखमींवर जवळच्याच एका हॉटेलात उपचार करावे लागले. साक्षीदार म्हणून जन्मलेल्या या देवतेच्या डोळ्यांपुढे हे घडले, ही गोष्ट तेथील अनेकांच्या स्मरणात असेल.

आज बाटलीतील पाण्याच्या दिवसांत येथे तहानेने थांबणारा विरळा. फुलांच्या माळा आणि उदबत्त्या घेऊन हात जोडावयास येणारे भाविक मात्र येतात, आणि पाणपोईचे आता देवस्थान झाले आहे. त्यात वावगे काही नाही. तरीही प्रवाशाने तेथे क्षणभर उभे राहून त्या राजमातेचा मूळ हेतू आठवावा. पाणपोईवर कोणी कोणाचे नाव विचारीत नाही, जात विचारीत नाही, दाम मागत नाही. पिणारा निघून जातो आणि देणाऱ्याला तो कोण होता हे कधीच कळत नाही. अशा दानाचा हिशेब माणसाच्या वहीत राहत नाही. तो धरणी आपल्या केसांत ठेवते, असे थाई लोक मानतात.