चोरखिशातली औषधे

निवृत्तीनंतर पाठीवर सॅक टाकून परदेश पाहायला निघणारी मराठी जोडपी आता नवलाईची राहिलेली नाहीत. गुडघे अजून साथ देत असतात, मुले मार्गी लागलेली असतात आणि सहलकंपनीच्या धावपळीपेक्षा आपल्या गतीने हिंडावे, साध्या वसतिगृहात उतरावे, हे अनेकांना रुचते. अशा प्रवासाची तयारी करताना चोरीचा विचार होतो तो बहुधा पैशांच्या अंगाने. साठी-सत्तरीच्या प्रवाशाकडे मात्र सर्वांत मोलाची वस्तू पाकीट नसून औषधांची डबी असते. पैशांची सोय मुले घरबसल्या करू शकतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी, इन्सुलिनचे पेन किंवा नंबरचा चष्मा तितक्या सहजी पाठवता येत नाही. म्हणूनच सामानाची राखण हा या वयात आरोग्याचाच एक भाग मानावयास हवा.

खिसेकापू कोठे आणि कसे गाठतात

युरोपातील पर्यटनस्थळी जिवावर बेतणारी लूटमार विरळा, पण खिसेकापूंचा उपद्रव मोठा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील कर्मचाऱ्यांनी एप्रिल २०१३ मध्ये खिसेकापूंच्या टोळ्यांना कंटाळून काम बंद ठेवले होते. मे २०१५ मध्ये आयफेल मनोऱ्याचे दरवाजेही याच कारणाने बंद राहिले. बार्सिलोनाचा ला रांब्ला हा रस्ता आणि रोममध्ये तेर्मिनी स्थानकाहून व्हॅटिकनच्या दिशेने जाणारी ६४ क्रमांकाची बस यांची अपकीर्तीही जुनीच आहे.

चोराचे खरे भांडवल म्हणजे आपले विचलित झालेले लक्ष. कोणी सह्यांचा कागद पुढे करतो, कोणी खांद्यावर काही सांडवून तेच पुसायला धावतो, कोणी तिकिटाच्या यंत्रापाशी आपणहून मदतीला येतो. सरकत्या जिन्यावर पुढचा माणूस एकाएकी थांबतो आणि मागचा अंगावर आदळतो. साध्या वेशातला कोणी ‘पोलीस’ पाकीट दाखवायला सांगतो. अशा वेळी सौजन्याने उत्तर देत उभे राहण्याची गरज नाही. हात पिशवीवर ठेवावा, मान हलवून नकार द्यावा आणि चालू लागावे. पोलीस म्हणवणाऱ्याच्या हाती पाकीट देऊ नये. जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन बोलू, असे सांगावे.

पहिला दिवस विशेष जोखमीचा असतो. रात्रभराच्या विमानप्रवासाने झोप मोडलेली असते. मध्य युरोपाचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, आणि सारे सामान अंगावर असते. ऐकू कमी येत असेल तर मागची चाहूलही लागत नाही. त्या दिवशी विमानतळावरून थेट मुक्कामी जावे, जेवून विश्रांती घ्यावी. शहर दुसऱ्या दिवशीही तेथेच असते.

जुनी रीत, नवे सामान

आपल्याकडचे जुने यात्रेकरू पैसा एका जागी ठेवत नसत. थोडा कनवटीला, थोडा बंडीच्या चोरखिशात, थोडा गाठोड्याच्या तळाशी. ही रीत औषधांनाही तितकीच लागू पडते.

प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभराची औषधे अधिक घ्यावीत आणि त्यांचे तीन वाटे करावेत. दोन दिवसांची औषधे कमरेच्या पिशवीत, उरलेल्यांतील निम्मी स्वतःच्या सॅकमध्ये आणि निम्मी जोडीदाराच्या सॅकमध्ये. एकट्याने प्रवास करणाऱ्याने तिसरा वाटा मुक्कामाच्या कुलूपबंद कपाटात ठेवावा. गोळ्या मूळ पट्टीतच असू द्याव्यात आणि पट्टी कापताना नाव तुटू देऊ नये. विमानात औषधे सदैव हातातल्या पिशवीत असावीत; सामानकक्षात दिलेली बॅग हरवू शकते आणि तेथील थंडीत इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्यावी. आपल्या ओळखीची व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्याला ठाऊक नसतात. ‘मेटफॉर्मिन’ किंवा ‘ॲम्लोडिपिन’ ही नावे मात्र तो तात्काळ ओळखतो. चष्म्याचा नंबर, श्रवणयंत्राचा प्रकार, रक्तगट, ॲलर्जी आणि जुने आजार यांची नोंदही त्याच कागदावर असावी. त्याच्या तीन प्रती काढाव्यात: एक अंगावर, एक सॅकमध्ये, एक घरी मुलांकडे. जुना पण चालणारा चष्मा सोबत घ्यावा.

पासपोर्ट, एक कार्ड आणि थोडे पैसे कपड्यांच्या आत ठेवावेत. पोटाची शस्त्रक्रिया किंवा हर्निया असेल तर कमरेच्या घट्ट पट्ट्याऐवजी गळ्यात घालायची चपटी पिशवी बरी. साडी नेसणाऱ्यांना परकराला शिवलेला चोरखिसा सर्वांत सोयीचा. दुसरे कार्ड जोडीदाराकडे द्यावे. बँकेचे ओटीपी ज्या फोनवर येतात तो फोन आणि सर्व कार्डे एकाच पिशवीत कधीही ठेवू नयेत.

सर्वच सल्ले सर्वांसाठी नसतात

तरुण प्रवाशांना दिले जाणारे काही सल्ले ज्येष्ठांना घातक ठरू शकतात. गर्दीत सॅक छातीवर घ्यावी, असे सांगतात; पण पुढे ओझे आले की पायरी दिसत नाही आणि तोल जातो. त्यापेक्षा मोठी सॅक मुक्कामी ठेवून छोटी पिशवी घेऊन हिंडावे. रात्रीच्या गाडीत सॅकचा पट्टा पायाला गुंडाळावा, असेही सुचवतात; पण लघवीसाठी झोपेत उठणारा माणूस त्यातच अडकून पडेल. सॅक उशाशी, भिंतीच्या बाजूला ठेवावी. वसतिगृहाच्या कपाटासाठी कुलूप घेताना आपल्या बोटांना वळते ना आणि त्यावरचे आकडे चष्म्याविना दिसतात ना, हे घरीच पाहून घ्यावे.

एकूण ओझे आपल्या वजनाच्या एक दशांशाच्या आत असावे. हलका प्रवासी सावध राहू शकतो. दमलेला राहू शकत नाही.

हिसका बसला तर

इटलीत नेपल्ससारख्या शहरांत स्कूटरवरून पिशवी हिसकावण्याचे प्रकार होतात. रस्त्याने चालताना पिशवी भिंतीच्या बाजूला असावी. हिसका बसलाच तर पिशवी सोडून द्यावी. झोंबाझोंबी करू नये, चोरामागे धावू नये. शिर सलामत तर पगडी पचास! या वयात पडून खुब्याचे हाड मोडले, तर त्याची किंमत कोणत्याही पाकिटापेक्षा अधिक असते.

मग एखाद्या दुकानात किंवा कॅफेत बसावे, पाणी प्यावे, छातीत दुखते का, धाप लागते का याकडे लक्ष द्यावे. तसे काही वाटल्यास युरोपीय संघातील सर्व देशांत ११२ हा आपत्कालीन क्रमांक निःशुल्क चालतो. नंतर कार्डे बंद करावीत आणि पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. विमा कंपनी ही प्रत मागते, आणि पासपोर्ट गेला असल्यास भारतीय दूतावासातही ती लागते. मायदेशी परतण्यापुरता ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ नावाचा दाखला दूतावास देऊ शकतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक असला, तरी त्यात सामानाची चोरी येतेच असे नाही, आणि जुने आजार अनेकदा वगळलेले असतात. निघण्यापूर्वी पॉलिसी वाचावी.

औषधे गेली असतील, तर पुढच्या मात्रेची वेळ होण्याआधीच हालचाल करावी. इन्सुलिन, रक्त पातळ ठेवणारी औषधे, हृदयाचे ठोके आटोक्यात ठेवणारे बीटा ब्लॉकर, फिट्सची औषधे आणि स्टेरॉइड ही एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. हिरव्या क्रॉसची खूण असलेल्या दुकानात चिठ्ठी दाखवावी. तेथे औषध न मिळाल्यास स्थानिक डॉक्टर गाठावा. उद्यावर टाकू नये.

घरच्यांसाठी

असा फोन आला की “एवढे सांगितले होते, तरी कसे झाले?” हे वाक्य ओठांवर येते. ते गिळावे. सराईत चोर तरुणांनाही फसवतो, त्यात वयाचा किंवा अकलेचा दोष नसतो. बोलणी बसली की ज्येष्ठ पुढची अडचण लपवतात, आणि त्या लपवण्यातच औषधाच्या मात्रा चुकतात. पहिला प्रश्न विचारावा तो “लागले तर नाही ना?” हा, दुसरा, “आजची औषधे आहेत ना?” कागदांच्या प्रती आपल्याकडे असतील तर तिसरे काम आपण घरून करू शकतो. परतल्यावर काही आठवडे झोप, रक्तदाब आणि घराबाहेर पडण्याचा उत्साह यांवर लक्ष ठेवावे. गेलेला ऐवज पुन्हा घेता येतो. मोडलेली उमेद सावरायला घरच्यांचा आधारच लागतो.