कल्चर रिपोर्टला दोन-तीन दिवस का लागतात? लॅबमध्ये जंतू कसे वाढवतात ते समजून घेऊया

फोनवरून पैसे दोन सेकंदांत जातात, साखरेचा आकडा मिनिटभरात कळतो. मग लघवीचा ‘कल्चर’ रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर यायला दोन-तीन दिवस का लागतात? कोल्हापुरात लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकलाय. आणि तेवढा धीर नसल्यामुळे मेडिकलमधून गोळी घेऊन मोकळे होणारेही पाहिलेत. म्हणून आज हेच समजून घेऊ.

विरजण आणि कल्चर

कल्चर म्हणजे जंतूंना खाऊपिऊ घालून वाढवणं. घरी आपण हेच करतो. कोमट दुधात चमचाभर विरजण टाकलं की रात्रभरात बॅक्टेरिया वाढतात आणि दही लागतं. थंडीत दही लागत नाही, कारण त्यांना ऊब हवी असते.

लॅबमध्ये दुधाच्या जागी अगार असतं. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ पोषक द्रव्यात मिसळला की जेलीसारखा घट्ट होतो. तो ज्या चपट्या झाकणाच्या बशीत ओततात, ती ज्युलियस पेट्री यांनी १८८७ मध्ये मांडली, म्हणून ती पेट्री डिश.

पहिला दिवस: वाढ

तारेच्या छोट्या कडीने लघवीचा ठरावीक थेंब अगारवर पसरतात आणि बशी साधारण ३५ ते ३७ अंशांच्या पेटीत, म्हणजे इनक्युबेटरमध्ये ठेवतात. लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे सात तासांत एकाचे २० लाखांवर! तरी डोळ्यांना ठिपका दिसायला १८ ते २४ तास जातात. हे ठिपके, म्हणजे कॉलनी, मोजून संसर्ग किती आहे ते ठरतं.

दुसरा दिवस: औषधाची परीक्षा

आता खरा मुद्दा. वाढलेले जंतू नव्या बशीभर पसरवून त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी टिकल्या ठेवतात. रात्रभरात जे औषध चालतं, त्याच्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. जे चालत नाही, त्याच्या कडेपर्यंत जंतू मजेत वाढतात. वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून रिपोर्टमध्ये अक्षर लिहितात:

- एस: औषध लागू पडण्याची शक्यता चांगली
- आय: मधलं, डॉक्टर डोस पाहून ठरवतात
- आर: जंतू या औषधाला दाद देत नाही

म्हणजे आपल्या शरीरात आंधळा प्रयोग करण्याआधी तो बशीत होतो. उशीर लागतो तो याचाच.

सगळेच जंतू एवढे चपळ नसतात

टीबीचा जंतू दुप्पट व्हायला १५ ते २० तास घेतो, म्हणून त्याच्या कल्चरला कित्येक आठवडे लागतात. घाईच्या वेळी जनुकीय चाचणी दोनेक तासांत निदान देते, पण ती काही ठरावीक औषधांबद्दलच सांगते.

विषाणू तर अगारवर वाढतच नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने कोरोनाचा विषाणू ‘व्हेरो’ पेशींमध्ये वाढवला. या पेशी मुळात आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडातल्या. त्याच विषाणूपासून पुढे कोव्हॅक्सिन तयार झाली.

आपण काय करायचं?

- नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या. आधीच गोळी घेतली असेल तर लॅबला सांगा, नाहीतर जंतू असूनही ‘नो ग्रोथ’ येऊ शकतं.
- लघवीची पहिली धार सोडून मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्या.
- डबी तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा. उशीर झाला तर डबीतच जंतू वाढतात आणि आकडा फुगतो.
- रिपोर्टमध्ये ‘एस’ दिसला म्हणून स्वतःच गोळी घेऊ नका. किडनी, गरोदरपण, अ‍ॅलर्जी हे सगळं डॉक्टर बघतात.
- ताप खूप असेल, थंडी वाजत असेल तर रिपोर्टची वाट बघू नका. डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर बदलतात.

घरात कुणी मागच्या वेळची उरलेली गोळी शोधत असेल, तर हा लेख त्यांना आधी पाठवा!