देवाला रक्त चालतं का?

आषाढ लागला की पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे पट्ट्यात गणपतीच्या कारखान्यांना उसंत नसते. रंगकामाला आणि सजावटीला तिथे बायका मोठ्या संख्येनं असतात. मूर्तीला हात लावणाऱ्या बाईची पाळी चालू आहे का, असं गिऱ्हाईक विचारत नाही. तीच मूर्ती चतुर्थीला पाटावर बसली, प्राणप्रतिष्ठा झाली, की घरातल्या सुनेनं लांब राहायचं. नियमाच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, देव आल्यावरच सोवळं लागतं. ठीक. पण त्या सोवळ्यामागे जी कारणं सांगितली जातात, ती एकेक तपासून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं कारण: पाळीचं रक्त म्हणजे शरीरातली घाण. तसं नाही. गर्भ राहिला तर त्याला आधार मिळावा म्हणून गर्भाशयात दर महिन्याला एक अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते सुटतं, आणि त्याबरोबर थोडं रक्त जातं. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन-तीन मोठे चमचे. ते रक्त शिरांमधून वाहणारंच असतं, वेगळं साचवून ठेवलेलं नव्हे. पाळीतल्या बाईनं शिवलं म्हणून लोणचंही नासत नाही; ते नासतं ओल्या चमच्यानं आणि कमी पडलेल्या मिठानं. सणाच्या तोंडावर पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मात्र खऱ्या चिंतेचा विषय आहेत. ती संप्रेरकं आहेत. रक्ताच्या गाठी होण्याची प्रवृत्ती, यकृताचा आजार किंवा अर्धशिशी असणाऱ्यांना ती धोक्याची ठरू शकतात. दुकानातून परस्पर आणून घेण्याची ती वस्तू नव्हे.

दुसरं कारण शास्त्राचं. चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमी येते. पाळीत नकळत घडलेल्या शिवाशिवीच्या दोषाचं परिमार्जन म्हणून बायका हे व्रत करतात आणि बैलाच्या कष्टाचं न खाता ऋषीची भाजी खातात. या दोषाची मूळ कथा तैत्तिरीय संहितेत आहे आणि भागवतातही. इंद्रानं विश्वरूपाला मारलं, ब्रह्महत्येचं पातक लागलं, आणि ते त्यानं इतरांना वाटून दिलं. भागवतात पृथ्वीच्या वाट्याची खूण म्हणजे खारी, नापीक जमीन. झाडांच्या वाट्याचा डिंक. स्त्रियांच्या वाट्याची पाळी. म्हणजे हत्या इंद्राची, पाप इंद्राचं. बरं, बाकीच्या वाट्यांचं आपण काय केलं? खाऱ्या जमिनीला बांध घालून पेणच्या खारेपाटात पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवला. डिंकाचे लाडू बाळंतिणीला आग्रहानं खाऊ घातले. दोष तेवढा बाईकडे शिल्लक ठेवला.

देहात उपजणाऱ्या विटाळावर प्रश्न विचारायलाही कुणाला आधुनिक शिक्षण घ्यावं लागत नाही. चौदाव्या शतकात संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाईनं तो थेट विठ्ठलाला विचारला होता. आणि ‘हिंदू परंपरा’ म्हणून सगळीकडे एकच नियम आहे असंही नाही. आसामात कामाख्येला अंबुवाची मेळ्यात देवी रजस्वला झाली असं मानतात, देऊळ तीन दिवस बंद ठेवतात आणि नंतर लाल वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून वाटतात.

आता उलट बाजूचा समज: देवीला रक्तच लागतं, नाहीतर ती कोपते. बळीच्या विधीची तपशीलवार चर्चा करणाऱ्या कालिकापुराणातच कोहळा आणि ऊस हेही बळी म्हणून मान्य केले आहेत. पर्याय ही सुधारकांनी काढलेली पळवाट नव्हे. आपल्याकडे कोहळा कुंकू लावून फोडतात ते त्यामुळेच. ते कुंकूही मूळचं हळदीचं: हळदीत क्षार मिसळला की ती लाल होते. (शेंदूर वेगळा, पारंपरिक शेंदरात शिसं असतं, तो तीर्थात किंवा मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये.) रायगडातल्या कितीतरी आगरी-कोळी घरांची कुलदेवी असलेल्या कार्ल्याच्या एकवीरेच्या चैत्री यात्रेत प्रशासन पशुबळीला मनाई करत आलं आहे, आणि यात्रेची गर्दी काही ओसरलेली नाही. देवाला वाहायच्या रक्ताला पर्याय इतक्या सहज सापडतो, मग सुनेच्या चार दिवसांनाच का सापडत नाही, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

कायद्याबद्दलही घोळ आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं पशुबळी बंद झाला, असं अनेकजण ठामपणे सांगतात. तो कायदा नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध आहे. वारी, कीर्तन, भजन, लहान मुलांचे कान टोचणं यांना त्यात स्पष्ट मोकळीक आहे. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा 1960 चा केंद्रीय कायदा तर धर्माच्या रीतीनुसार केलेल्या वधाला कलम 28 खाली गुन्हा मानत नाही.

निषिद्ध म्हणजे अपवित्र, हा सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज. त्याचं उत्तर पेण-रोह्यातच आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावं बेने इस्रायली घरांतही सापडतात. मराठी बोलणारे हे यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. त्यांच्या धर्मात रक्त खायला सक्त बंदी. म्हणून मांस आधी पाण्यात भिजवायचं, मग तासभर मिठात ठेवायचं, धुवायचं. पण कारण किळसेचं नाही: रक्तात जीव असतो आणि जीवावर हक्क देवाचा. त्याच समाजात वल्हांडणाच्या सणाला बकऱ्याच्या रक्तात बुडवलेल्या हाताचा ठसा कागदावर उठवून दारावर लावायची जुनी रीत होती. ताटात वर्ज्य, चौकटीवर रक्षक. एकाच घरात.

रोह्यात 1920 साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी आपल्या स्वाध्याय परिवारात हाच धागा वेगळ्या टोकाकडून धरला. आपलं रक्त बनवणारा एकच आहे, म्हणून आपण एकमेकांचे, अशी त्यांची मांडणी.

उत्सवातलं रक्तदान हा या सगळ्यातला सर्वात नवा विधी. त्यातही एक समज घातक: उपास धरून रक्त दिलं की पुण्य जास्त. रक्तपेढीचा नियम नेमका उलटा आहे. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत, कारण चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो. रक्त देण्याआधी पोटात काहीतरी हवं. हिमोग्लोबिन किमान 12.5 लागतं, आणि पुढचं दान पुरुषांना तीन, स्त्रियांना चार महिन्यांनी. नवरात्रात कडक उपास असेल तर दसरा होऊ द्यावा, पारणं करावं आणि मग शिबिर गाठावं.