एका तिकिटात दोन पिक्चर
काल रात्री 'ग्राइंडहाउस' (2007) पुन्हा पाहिला. सलग 191 मिनिटं! आधी रॉबर्ट रॉड्रिग्जचा 'प्लॅनेट टेरर', मग टॅरँटिनोचा 'डेथ प्रूफ'. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन कळकट थिएटरांची आठवण म्हणून प्रिंटवर मुद्दाम ओरखडे पाडलेत. 'प्लॅनेट टेरर'मध्ये ऐन प्रणयदृश्यात रीळ गायब होतं आणि थेट पेटलेलं हॉटेलच दिसतं! नायिकेच्या तुटलेल्या पायाच्या जागी मशीनगन. हसू आणि किळस एकदमच. 'डेथ प्रूफ'मध्ये गप्पा जरा जास्तच, पण धावत्या डॉज चॅलेंजरच्या बॉनेटवर स्टंटवुमन झोई बेल स्वतः झोपते तेव्हा श्वास अडकतो. सोबतच्या खोट्या ट्रेलरांपैकी 'मशेटी' आणि 'थँक्सगिव्हिंग'चे पुढे खरेखुरे सिनेमे झाले. बघणार असाल तर जेवण आधी उरका.