संगणक चाळेल, मोजणार कोण?

ई-स्कूटरच्या बॅटरीला आग लागल्याची बातमी आली की बदलापूरच्या बेलवलीतल्या सोसायट्यांमध्ये पार्किंगच्या चार्जिंगवरून वाद सुरू होतो. पेट घेते ते बॅटरीतले द्रव इलेक्ट्रोलाइट. त्याच्या जागी लिथियमच्या आयनांना सहज वाट देणारा घन पदार्थ आला, तर हा धोका बराच कमी होईल. त्याचा शोध आता संगणकावर चालतो. जानेवारी 2024मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने 3 कोटी 20 लाखांहून अधिक पदार्थ चाळून 18 निवडल्याचे जाहीर केले.

पण घनात आयन चालतो कसा? सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये ठाण्याला उतरणारा एकटा जागचा हलू शकत नाही. चार-पाच जण एकदम सरकले की वाट होते. मेरिलँड विद्यापीठातल्या यिफेइ मो यांच्या गटाने 2017मध्ये गणिताने दाखवले ते हेच. उत्तम वाहकांत अनेक आयन मिळून सरकतात. एक आयन ऊर्जेच्या चढणीवर असतो तेव्हा दुसरा उतारावर असतो, म्हणून चढण सगळ्यांनाच हलकी जाते. किती देखणे उत्तर आहे हे!

कोटींच्या आकड्यांनी मात्र भुलू नये. मायक्रोसॉफ्टच्या चाळणीतून आलेला, प्रयोगशाळेत बनवून पाहिलेला पदार्थ सोडियम, लिथियम, इट्रियम आणि क्लोरीनचा. त्याचा जवळचा नातलग, लिथियम-इट्रियम क्लोराइड, चांगला वाहक असल्याचे पॅनासॉनिकच्या संशोधकांनी 2018मध्येच दाखवले होते. स्टॅनफर्डच्या ऑस्टिन सेंडेक यांनी 2017मध्ये 12,831 पदार्थांतून 21 निवडले, तेव्हा संगणकाला शिकवायला प्रत्यक्ष वाहकता मोजलेले पदार्थ मिळाले अवघे 40.

आणि मोजणाऱ्यांचे नाव कोण घेतो? नागपुरात व्ही. के. देशपांडे आणि के. सिंग 1980च्या दशकाच्या सुरुवातीला लिथियम सल्फेटमध्ये लिथियम कार्बोनेट मिसळून त्याची वाहकता मोजत होते. या कामात भुकटी दाबून गोळी करायची, दोन्ही बाजूंना विद्युतअग्रे बसवायची, भट्टीत तापवत एकेका तापमानाला आकडा टिपायचा. घाई केली तर आकडा फसतो.

संगणकाला मंद वाहकांचे आकडेही तितकेच लागतात, कारण त्याशिवाय त्याला चांगल्या-वाइटातला फरक कळत नाही. असे ‘अपयशी’ आकडे सहसा छापले जात नाहीत, प्रबंधांतच राहतात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी ते बाहेर काढावेत आणि पुण्याच्या सी-डॅकसारख्या संगणन संस्थेने एकत्र करून सर्वांना खुले करावेत. त्यासाठी नवा महासंगणक लागणार नाही.