घोट्याला बांधायचं काय आणि कधी?

टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, बहारीनचा पुरुष हँडबॉल संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या मैदानात उतरला. यजमान जपानला ३२-३० असं हरवून त्यानं उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथं फ्रान्सनं ४२-२८ असा धुव्वा उडवला, पण याच फ्रान्सनं पुढे सुवर्णपदक नेलं, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही. २०२४ च्या जानेवारीत तर हँडबॉलची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा बहारीनमध्येच भरली. इसा टाउनच्या इंडियन स्कूलमध्ये जाणाऱ्या मराठी मुलांना घरात क्रिकेट आणि बॅडमिंटन, आणि बाहेर हा हँडबॉल. तिन्ही खेळांत एक गोष्ट ठरलेली: कधी ना कधी पाय मुरगळतो.

कसा मुरगळतो ते पाहण्यासारखं आहे. उंच उडी मारून चेंडू फेकणारा खेळाडू खाली येतो तो नेमका बचावपटूच्या बुटावर. पंजा खाली झुकलेला, तळवा आत वळलेला, आणि अंगाचा सगळा भार बाहेरच्या कडेवर. पाय कलंडायला लागल्यापासून नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू जागे व्हायलाच साधारण ६० ते ९० मिलिसेकंद जातात आणि जोर लावायला त्याहून जास्त. तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

दोष रचनेतही आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला जाडजूड अस्थिबंध, बाहेर मात्र तीन बारीक पट्ट्या. मांडवाचे एका बाजूचे तणावे दोरखंडाचे आणि दुसऱ्या बाजूचे सुतळीचे असावेत तशी ही गत. सुतळ्यांतली पुढची बहुधा आधी तुटते. बरं, हे तणावे नुसते ताण धरून उभे नसतात, त्यांना जणू घुंगरंही बांधलेली असतात: ताण पडला की मज्जातंतूंच्या टोकांतून वर्दी जाते आणि पहारेकरी स्नायू सावध होतात. मायकेल फ्रीमन या ब्रिटिश अस्थिशल्यविशारदानं १९६५ मध्ये हाच मुद्दा मांडला. सूज उतरल्यावरही पाय पुन्हा पुन्हा दगा देतो, कारण सुतळीबरोबर घुंगरंही तुटलेली असतात. त्यानं रुग्णांना डुगडुगत्या फळीवर उभं केलं आणि पाय दगा देण्याचं प्रमाण घटलं. पुढे फ्रीमन कृत्रिम गुडघ्यासाठी नावाजला गेला. ती फळी मात्र आज प्रत्येक फिजिओच्या खोलीत कोपऱ्यात पडलेली असते आणि ती कुणामुळे आली हे कुणी विचारत नाही.

बाहेरून बांधायची कल्पना याहून जुनी. न्यूयॉर्कच्या व्हर्जिल गिब्नीनं १८९५ मध्ये चिकटपट्ट्या एकमेकींत टोपलीसारख्या विणून घोटा बांधायची पद्धत छापून प्रसिद्ध केली. त्याचा दावा त्या काळी धाडसाचा होता: कुबड्या नकोत, कामावरची सुट्टीही नको. मुरगळलेला पाय आठवडेच्या आठवडे हलवू न देणाऱ्या डॉक्टरांच्या जमान्यात हा माणूस रुग्णाला चालायला लावत होता. आज ‘लवकर हालचाल करा’ हा सल्ला नवा शोध लागल्यासारखा दिला जातो, तेव्हा गिब्नीची आठवण काढायला हरकत नाही.

पट्ट्यांची एक अडचण मात्र आहे. १९६२ मध्ये मोजून पाहिलं, तर दहा मिनिटांच्या जोरदार व्यायामानंतर चिकटपट्टीचा, म्हणजे टेपचा, सुमारे ४० टक्के आधार गेलेला होता. आणि बहारीनच्या दमट उन्हाळ्यात घामेजल्या कातडीवर टेप किती टिकणार? शिवाय ती दर वेळी जाणकारानंच बांधायला हवी. ब्रेस, म्हणजे घोट्यावर चढवायचा तयार आधार, सरस ठरतो तो इथं: सैल झाला तर मध्यंतरात पुन्हा आवळता येतो.

पण ब्रेस म्हणजे नेमका कोणता? मेडिकलच्या दुकानात हमखास हातात पडतो तो लवचिक मोजा. त्यानं ऊब मिळते, थोडा दाब मिळतो, मनाला धीर येतो. पाय कलंडताना मात्र तो फारसा आडवा येत नाही. अभ्यासांत उपयोगी ठरले ते दोन प्रकार. एक, दोन्ही बाजूंना कडक कवच असलेला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत बास्केटबॉल खेळणाऱ्या १,६०१ छात्रांवर तो तपासला गेला (१९९४) आणि ब्रेस न घालणाऱ्यांत घोट्याच्या दुखापती तिपटीहून जास्त निघाल्या. दुसरा, बुटासारखी लेस असलेला. विस्कॉन्सिनच्या १,४६० शाळकरी बास्केटबॉलपटूंवरच्या २०११ च्या अभ्यासात दुखापतींचं प्रमाण साधारण एक तृतीयांशावर आलं. मुरगळलाच, तर तितकाच जोरात मुरगळला, हेही त्याच अभ्यासानं सांगितलं. दक्षिण आफ्रिकेतल्या फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासात ब्रेसचा फायदा फक्त आधी पाय मुरगळलेल्यांनाच झाला, विस्कॉन्सिनमध्ये तो आधी मुरगळलेल्या आणि न मुरगळलेल्या दोघांनाही झाला. ज्याचा पाय एकदा मुरगळला आहे त्यानं ब्रेस घालावा, यावर मात्र दोन्हीकडे एकमत.

नेमकं इथंच लोक चुकतात. सूज असताना मोजा चढतो, आंबेहळदीचा लेप बसतो, आणि दुखणं थांबलं की सगळं कपाटात जातं. ब्रेसचं खरं काम दुखणं थांबल्यावर, पुढच्या सामन्यापासून सुरू होतं. नेदरलँड्समधल्या ३८४ खेळाडूंवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी वाचनीय आहे. वर्षभरात पाय पुन्हा मुरगळला तो नुसता तोल सांभाळण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचा, तर खेळताना वर्षभर ब्रेस वापरणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांचा. फ्रीमनच्या चाहत्यांना हे पचायला जरा जड जातं. फळी टाकून द्यावी असं कुणी म्हणत नाही, पण व्यायाम रोज चुकतो आणि ब्रेस बुटाबरोबर पायात जातो, हा फरक असावा. ‘सवय लागली की स्नायू कमजोर होतील’ या धास्तीलाही आधार तुटपुंजाच. निरोगी माणसांनी आठ आठवडे ब्रेस वापरला, तरी स्नायू जागे व्हायचा वेळ बदलला नाही.

विकत घेताना घोट्याचा घेर मोजून घ्यावा आणि खेळायचे बूट बरोबर न्यावेत, कारण ब्रेस बुटात मावला नाही तर सगळंच फुकट. आधी पातळ मोजा घालावा, टाच मागं घट्ट टेकवावी, पंजा काटकोनात धरावा आणि मगच लेस खालून वर आवळावी. पंजा खाली सोडून बांधला की चालताना ब्रेस ढिला पडतो. बोटं बधिर झाली किंवा गार पडली तर लेस सैल करायची. आखाती हवेत जाड निओप्रीनपेक्षा जाळीचं कापड बरं, नाहीतर घामोळं ठरलेलं.

तांब्याचे धागे विणलेल्या मोज्यांबद्दल एवढंच: वेदना घालवण्याच्या दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ‘टॉमी कॉपर’ कंपनीवर कारवाई केली आणि २०१५ मध्ये कंपनीनं १३.५ लाख डॉलर भरायचं मान्य केलं.

आणि ताज्या दुखापतीवर ब्रेस चढवण्याआधी हाड मोडलेलं नाही ना, हे पाहायला हवं. कॅनडातल्या ओटावा इथं इयान स्टिएल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी साधे नियम बसवले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड आणि टोक, करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा किंवा पावलाच्या आतल्या बाजूचं, कमानीच्या माथ्याचं हाड दाबल्यावर दुखलं, किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. लंगडत टाकलेली पावलंही त्यात धरली जातात.