गोठलेल्या पाझरावरची चढाई
अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली स्मगलर्स नॉच ही अरुंद खिंड. 1807 च्या व्यापारबंदीनंतर चोरटा माल इथून कॅनडाकडे जाई. हिवाळ्यात तिथला रस्ता बंद असतो, तेव्हा कड्यांच्या भेगांतून पाझरणारं पाणी थरावर थर गोठतं आणि त्यावर गिर्यारोहक चढतात. कडाक्याच्या थंडीत बर्फ भक्कम होत असेल असं वाटतं. पण फार गार बर्फ ठिसूळ असतो, कुऱ्हाडीच्या घावासरशी त्याची ताटाएवढी ढलपी उडते. शून्याच्या जरा खाली पातं छान रुततं. मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो दोर अडकवायचा पोकळ स्क्रू! फिरवताना कापलेला बर्फ नळीतून बाहेर पडतो, म्हणून भोवती फारसे तडे जात नाहीत. उन्हात मात्र धातू तापतो, लगतचा बर्फ वितळतो आणि पकड सैल होते.